खळ दिलेली लोकर

गाडीला पॉलिश करताना लोकरीचं पॅड लावायचं की फोमचं, यावर लोक मला फोनवरून सल्ले देतात. बहुतेक पुरुष असतात, बहुतेकांनी मशीन कधी हातात धरलेलं नसतं, आणि झाडून सगळ्यांनी मोबाईलवर कुठला तरी व्हिडिओ पाहिलेला असतो. मी ऐकून घेते. दुकान चालवायचं म्हणजे ऐकून घ्यावं लागतं. मग गाडी आली की बोनेट धुऊन पुसते, उन्हात तिरक्या नजरेने बघते आणि मला जे लावायचं ते लावते.

आमचं दुकान सोलापुरातून पुण्याकडे निघालं की चिंचोळी एमआयडीसीच्या अलीकडे आहे. पत्र्याची शेड, पुढे सिमेंटचा कोबा, मागे रंगाची बंद खोली. नवरा डेंटिंग-पेंटिंग करतो. पॉलिश मी करते. लग्नानंतर काही वर्षांनी त्याचा खांदा धरला, मशीन उचलवेना, म्हणून तात्पुरतं मी हातात घेतलं. माझे केस पिकायला लागले तरी ते तात्पुरतं चालूच आहे. अजूनही नवं गिऱ्हाईक येतं, माझ्याकडे बघतं आणि विचारतं, मिस्त्री कुठं गेलेत. मी म्हणते, जेवायला गेलेत, तोवर चावी माझ्याकडे द्या.

तर लोकर की फोम, ते एकदा सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. लोकर कापते. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, तो झिजवत ती ओरखड्याच्या तळापर्यंत जाते. काम झटपट होतं, पण मागे धुरकटपणा राहतो, आणि काळ्या गाडीवर तर उन्हात गोल गोल रेघा दिसतात. फोम गरीब आहे. तो हळूहळू घासतो, लवकर तापतो, पण चकाकी आणतो. म्हणून जुन्या ओरखड्यांना आधी लोकर, मग फोम. रंग पातळ असेल तर नुसता फोम, आणि जेवढं निघेल तेवढ्यावर समाधान. लोकर कडेवर किंवा उंचवट्यावर जरा जास्त टेकली की खालचा रंग उघडा पडतो. गेलेला थर कुठल्याच पॉलिशने परत येत नाही.

लोकरीचं मला कुणी शिकवायला नको असं ओळखीचे लोक हसून म्हणतात, कारण मी मेंढरांच्या घरातली. सांगोल्याच्या पलीकडे, माणदेशाच्या कडेला आमचं गाव. मेंढरांमागे लहानपण गेलं असं म्हटलं की शहरातल्या बायकांना ते फार छान वाटतं. छान काही नव्हतं. पायात काटे, अंगाला मेंढरांचा वास, आणि शाळेत बाकावर शेजारी कुणी बसत नसे. अंगावर घोंगडं घेतलं की मानेला टोचायचं. आमच्या मेंढरांची लोकर काळी आणि राठ असते, ती मऊपणासाठी नसतेच. पावसाला अडवते, थंडीला अडवते, विंचूकाट्याला अडवते.

माझे वडील, आप्पा, वर्षातून दोनदा मेंढरं कातरायचे. माझ्या लहानपणी सनगर घरी यायचे, लोकर घेऊन जायचे, घोंगडी विणायचे. पुढे घोंगडी कुणी घेईना. सनगरांची पोरं कारखान्यात लागली आणि लोकरीला विचारणारं कुणी उरलं नाही. कातरायला तर लागतंच, नाहीतर मेंढराला उन्हाचा आणि किड्यांचा त्रास होतो. कातरलेली लोकर आप्पा ओढ्यात नेऊन टाकायचे. त्या दिवशी घरात कुणाशीच बोलायचे नाहीत.

आता भाऊ. तो माझ्याहून पुष्कळ लहान. आई लवकर गेली, म्हणून तो माझ्या कडेवर वाढला. त्याला मी भरवलंय, मारलंय, माझ्याच घरी ठेवून सोलापुरात कॉलेजला घातलंय. हे आधी सांगते, कारण त्याच्यावरचा माझा राग परक्या माणसावरचा राग नाही. तसा असता तर कधीच विसरले असते. कॉलेज त्याने अर्धवट सोडलं. आता तो समाजाचा कार्यकर्ता आहे. म्हणजे नेमकं काय करतो हे मला आजही सांगता येणार नाही. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालतो आणि फोनवर बोलत असतो.

आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन सोलापुरात झालं आणि ते माझ्याकडे राहिले. एका डोळ्याचं झालं, मग मध्ये थांबून दुसऱ्याचं. आप्पा घरी जायचं म्हणायला लागले की भावाचा फोन यायचा. आक्का, अजून जरा ठेवून घे, हिकडं धूळ लई हाय, डोळ्याला बरं न्हाय. मला कौतुक वाटायचं, पोराला बापाची काळजी आहे म्हणून. मी वेळेवर थेंब घालत होते, ज्वारीची भाकरी आणि मऊ भाजी वाढत होते. आणि तिकडे तो व्यापाऱ्याला आमची मेंढरं दाखवत होता.

आप्पांना घरी सोडायला मीच गेले. एसटीतून उतरून वाटेने चालताना ते नव्या डोळ्यांनी सगळं बघत होते, कुणाची विहीर, कुणाची बाभळ, लांबून माणसं ओळखत होते. घराजवळ आलो तेव्हा मेंढरांचा आवाज नव्हता. मेंढरं रात्री कोंडायची जाळी, आम्ही तिला वाघर म्हणतो, ती गुंडाळून भिंतीला उभी केलेली. आणि मेंढरं बसायची त्या जागेवर हार घातलेली मोठी काळी गाडी.

भावाने आधीच सगळं पाठ करून ठेवलं होतं. चराऊ रान राहिलं नाही. लांडग्यांचा त्रास. तुमचे गुडघे. उन्हाळ्यात मेंढरं घेऊन परमुलखात कोण जाणार. यातलं काहीही खोटं नव्हतं, हीच माझी चीड आहे. माणूस सरळ खोटं बोलला तर त्याच्याशी भांडता येतं. हा खरं बोलत होता आणि बापाला घराबाहेर ठेवून त्याचा कळप विकून बसला होता.

आप्पांनी एकच गोष्ट विचारली. समदी एकालाच दिली का? भाऊ हो म्हणाला. कुणाला, ते आप्पांनी विचारलं नाही. पावसाळ्याच्या तोंडाला सगळी मेंढरं एकदम नेणारा व्यापारी ती मुंबईला कापायलाच नेतो, हे त्यांना विचारायची गरज नव्हती. मग भावाने त्यांचा हात धरून गाडीजवळ नेलं आणि हसत म्हणाला, "आप्पा, रंग मुद्दाम काळा घेतलाय. आपल्या मेंढरासारका."

त्याला ते प्रेमाने म्हणायचं होतं. मला आजही तसंच वाटतं, आणि म्हणूनच ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

त्यानंतर आप्पा वरचेवर सोलापूरला यायला लागले. आधी वर्षानुवर्षं बोलावलं तरी यायचे नाहीत, मेंढरं कोण बघणार म्हणायचे. आता पिशवी घेऊन दारात उभे असायचे. दिवसभर दुकानात खुर्ची टाकून बसायचे. त्यांना बसायची सवय नव्हती, म्हणून मध्येच उठून कोबा झाडायचे, पाण्याची नळी गुंडाळून ठेवायचे. एकदा त्यांनी फळीवरचं लोकरीचं पॅड उचललं, बोटांत चोळलं, नाकाला लावलं.

"हे कंच्या मेंढराचं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, परदेशातल्या. तिकडची मेंढरं पांढरी असतात, लोकर लांब आणि मऊ. त्यांनी पॅडाचे केस बोटाने उलटसुलट करून बघितले. मग म्हणाले, तितं लोकर घेत्यात व्हय लोक? मी हो म्हटलं. पैसे देऊन? हो. त्या दिवसापासून मी लोकरीचं पॅड लावलं की खुर्ची जवळ ओढून बसायचे. फोम लावला की दुसरीकडे बघायचे.

लोकरीच्या पॅडाची एक खोड आहे, त्याचे केस सुटतात. मशीन फिरायला लागलं की बारीक तंतू उडतात, नाकात जातात, आणि मला शिंका सुरू होतात. नाकाला फडकं बांधलं तरी व्हायचं तेच. आप्पा हे बघत होते. एक दिवस गावाला जाताना त्यांनी माझी झिजलेली, टाकायला काढलेली पॅडं मागितली. मला वाटलं भांडी घासायला नेत असतील.

पुढच्या खेपेला आले ते पंच्यात एक पॅड गुंडाळून घेऊन. शेवटच्या कातरणीतलं एक पोतं त्यांनी ओढ्यात टाकलं नव्हतं. त्यातली लोकर निवडून, पिंजून, पाण्याने आणि साबणाने पायाखाली मळून त्यांनी तिची जाड चकती केली होती, आणि जुन्या पॅडाच्या पाठीवर दाभणाने बसवली होती. टाके इतके एकसारखे की मी पाठ उलटून उलटून बघत राहिले. पण वरून हात फिरवला आणि माझा हात थांबला. ती खडखडीत होती.

आप्पा खूश होते. म्हणाले, "खळ दिली हाय. आता केस उडायचं न्हाईत. तुज्या नाकाला तरास न्हाय."

घोंगडं विणून झालं की त्याला चिंचोक्यांची खळ देतात. चिंचोके भाजून, भिजवून, कुटून, शिजवून चिकट लापशी करायची आणि कुंच्याने घोंगड्यावर ओढायची. वाळली की घोंगडं ताठ होतं, धागा धाग्याला धरतो, वर्षानुवर्षं टिकतं. आमच्या लोकांना लोकरीचं जे भलं करता येतं ते सगळं आप्पांनी त्या पॅडाचं केलं होतं. आणि नेमकं त्यामुळे ते पॅड रंगावर फिरवणं म्हणजे रंगावर किसणी फिरवणं होतं.

मी त्यांच्याशी खोटं बोलले नाही. मागे भंगारातल्या गाडीचं एक जुनं दार पडलं होतं, त्यावर त्यांच्यासमोरच पॅड चालवून दाखवलं. पुसल्यावर त्यांनी नव्या डोळ्यांनी वाकून बघितलं. गोल गोल ओरखडे, एकात एक. जरा वेळाने स्वतःच हसले. म्हणाले, खळ काढून बघतो. त्यांनी ते पॅड गरम पाण्यात घालून पुन्हा पुन्हा धुतलं, उन्हात वाळवलं, पुन्हा धुतलं. खळ बरीच गेली. राठपणा कसा जाणार, तो लोकरीचाच होता. दुसऱ्यांदा दारावर चालवलं तेव्हा ओरखडे बारीक आले, पण आले. आप्पा म्हणाले, असू दे, आपली लोकर ह्या कामाची न्हाय. आणि पॅड खिळ्याला अडकवून ठेवलं. दोघांत तो विषय तिथे संपला होता. नवऱ्याला मी सांगितलं, बघा, किती शहाणपणाने घेतलं. नवरा म्हणाला, ते तुला दाखवायला. तो कमी बोलतो, पण कधी कधी नको ते बरोबर बोलतो.

मग गावाकडची जत्रा झाली. आमच्याकडे जत्रेत देवावर भंडारा उधळतात, त्यात खोबरं आणि लोकरही असते. देवावर उधळता उधळता भावाच्या काळ्या गाडीवरही उधळला. गाडी पिवळीजर्द झाली, फोटो छान आले. मग त्याच्याबरोबरच्या पोरांनी ती कोरड्या फडक्याने पुसली. हळदीत धूळ, धुळीत कचरा, आणि वरून फडकं. नव्या गाडीवर कोळ्याचं जाळं पसरल्यासारख्या रेघा उठल्या.

दिवाळीनंतर समाजाचा मेळावा होता आणि भावाला गाडी पुढे न्यायची होती. तो ती घेऊन दुकानात आला, बरोबर चारपाच दोस्त. मी बोनेट धुतलं, तिरकं बघितलं आणि म्हटलं, फोमनेच निघेल, संध्याकाळपर्यंत देते. रेघा वरवरच्या होत्या. नख फिरवलं तरी लागत नव्हत्या. त्याने चहा मागवला. तेवढ्यात त्याच्या एका दोस्ताची नजर खिळ्यावरच्या काळ्या पॅडाकडे गेली आणि त्याने विचारलं, हे काय आहे. आप्पांनी सांगितलं. सगळं सांगितलं, कशी मळली, कशी शिवली. खळ द्यायची चूक झाली तेही सांगितलं.

भाऊ उठला, पॅड खिळ्यावरून काढलं आणि हातात फिरवून बघितलं. त्याच्या डोळ्यांत काय आलं ते मला दिसलं. त्याने दोस्ताला मोबाईल काढायला सांगितला. म्हणाला, बापाने स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीचं पॅड केलंय, त्याने पोराची गाडी चमकवायची, याच्यासारखा व्हिडिओ व्हायचा नाही. मेळाव्याच्या आधी टाकू. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आक्का, गाडी ह्याच्यानंच करायची."

मी नाही म्हटलं. ते भंगारातलं दार दाखवलं, त्यावरचे ओरखडे दाखवले. तुझी गाडी काळी आहे, प्रत्येक रेघ दिसेल, व्हिडिओच काढायचा तर नुसतं हातात धरून काढ, मशीन चालवू नको. मी हे नीट समजावून सांगितलं, आणि मला नीट बोलणं सोपं जात नाही. तो म्हणाला, तुला पहिल्यापासून ही गाडी बघवत नाही. मी म्हटलं, हो, बघवत नाही, पण तिच्यावर ओरखडे काढायचे असते तर मी तुला विचारलं नसतं.

आणि मग मी आप्पांकडे बघितलं. स्वतः धुऊन, दोन वेळा स्वतः बघून, आपली लोकर ह्या कामाची न्हाय म्हणणारे माझे आप्पा खुर्चीतून उठून उभे राहिले होते. त्यांचा चेहरा मला बघवेना. त्यावर नुसती आशा होती. मेंढरं गेल्यापासून पोराने पहिल्यांदाच त्यांचं काही मागितलं होतं. ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "आता खळ गेली हाय की. तू हळू फिरव. तुजा हात हलका हाय."

मी त्यांना काय सांगणार होते? तुम्ही स्वतः बघितलंत ना, असं म्हणायचं? ते त्यांनाही माहीत होतं. त्यांना फक्त एकदा ते खोटं ठरायला हवं होतं. मी तरीही नाही म्हटलं. मशीनचं बटण बंद केलं, वायर काढली आणि बाजूला झाले. नवऱ्याने भावाला सांगून बघितलं. भाऊ म्हणाला, दाजी, तुमी मधी पडू नका, घरची गोष्ट हाय. मी ज्या घरात भाकऱ्या थापून त्याला वाढवलं त्या घरची.

त्याने स्वतःच वायर लावली. आप्पांना पटका नीट बांधायला सांगितला, खांद्यावर घोंगडं टाकलं. घोंगडं त्याच्या गाडीतच होतं, समाजाच्या कार्यक्रमात लागतं म्हणून ठेवलेलं. आप्पांना बोनेटजवळ उभं केलं, पॅड त्यांच्या हातात देऊन मशीनवर बसवायला लावलं. "आप्पा, हसा की," तो म्हणाला. आप्पा हसले. मी त्यांचं ते हसू नीट पाहिलंय, ते मोबाईलसाठी नव्हतं.

मग भावाने मशीन बोनेटवर टेकवलं. नवशिका असतो तसा जोर लावून, पूर्ण वेगाने, एका जागी. पॉलिश उडालं, काळ्या लोकरीचे तुकडे उडाले, दोस्तांनी टाळ्या वाजवल्या. मोबाईल बंद झाला. मग कुणीतरी फडक्याने पुसलं.

बोनेटच्या मधोमध, तव्याएवढ्या जागेत, गोल गोल ओरखडे उठले होते. आधीच्या रेघा उन्हात तिरकं बघितल्यावर दिसायच्या, हे शेडमध्ये लांबून दिसत होते. एक दोस्त हसला आणि त्याने हसणं आवरलं. ते हसू भावाला झोंबलं असणार. तो माझ्याकडे बघू शकत नव्हता, कारण मी सांगितलं होतं. दोस्तांकडे बघू शकत नव्हता. मग तो ज्या माणसाकडे वळणं सोपं होतं त्याच्याकडे वळला.

"तुमच्यापायी झालं हे," तो म्हणाला. "मेंढरं गेली, पन तुमची घाण काय गाडीतनं जात न्हाय."

आप्पांनी घोंगडं खांद्यावरून काढलं आणि घडी घालायला लागले. मी भावाच्या अंगावर धावून गेले, हे खरं आहे. नवऱ्याने मला धरलं. मी काय काय बोलले ते लिहीत नाही, पण शेवटी म्हटलं, गाडी घे आणि चालता हो, मी तिला हात लावणार नाही, सोलापुरात दुकानं पुष्कळ आहेत. भाऊ चावी घेऊन निघालाही होता. आप्पांनी अडवलं. त्याला नाही, मला. म्हणाले, "कर गं. मेळावा हाय त्येचा. माज्यानं झालंय, तू नीट करून दे."

मी करून द्यायला नको होतं असं मला वाटतं का? नाही. नाही म्हटलं असतं तर आप्पा रात्रभर ते ओरखडे मनात घेऊन बसले असते. पण माझ्या आयुष्यात मी इतक्या रागाने काम केलेलं नाही. भाऊ आणि दोस्त जेवायला हॉटेलात गेले. मी फोमने सुरुवात केली, निघेना. लोकर लावली, परदेशी, पांढरी. आप्पा दिवा धरून उभे राहिले, मी सांगेन तिकडे उजेड पाडत. एक एक रेघ विरत गेली. मग पुन्हा फोम. बोनेट आरशासारखं व्हायला लागलं, त्यात पत्र्याचं छप्पर दिसायला लागलं, आप्पांचा पटका दिसायला लागला.

शेवटी एक रेघ उरली. बरोबर मधल्या उंचवट्यावर. नख लावलं तर जेमतेम लागायची. अशा वेळी मी गिऱ्हाइकाला सांगते, ही राहू द्या, इथे थर पातळ झालाय, अजून कापलं तर पुढे उन्हात रंग उडेल. ठराविक जागी उभं राहून बघितलं तरच दिसते. आप्पांना मी हेच सांगितलं. ते ठराविक जागी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, दिसती की. मी म्हटलं, तुम्ही शोधताय म्हणून दिसते. ते म्हणाले, त्यो पन शोधील.

"काढ ती," ते म्हणाले. "राहिली तर त्यो रोज बघंल."

मी फोम काढला आणि लोकर लावली. कामाच्या दृष्टीने ते चूक होतं आणि ते मला कळत होतं. मशीन अगदी हलकं धरून, श्वास रोखून मी त्या उंचवट्यावरून फिरवलं, आणि रेघ गेली. पॉलिश पुसलं. आप्पांनी दिवा इकडून धरला, तिकडून धरला. मग दिवा खाली ठेवून बोनेटवर तळहात फिरवला, चरबी चाचपायला मेंढराच्या पाठीवर फिरवायचे तसा, पूर्ण, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

भाऊ जेवून आला, गाडीभोवती फिरला, खूश झाला. मला म्हणाला, आक्का, तुज्यासारका हात कुणाचा न्हाय. झालेलं तो विसरलाही होता, किंवा विसरल्यासारखं करत होता. व्हिडिओ त्याने हॉटेलातूनच टाकला होता. त्यात आप्पा हसतायत, मशीन फिरतंय, आणि पुसायच्या आधीच तो संपतो. खाली परंपरा, अभिमान, माती, असलं काय काय लिहिलंय आणि लोकांनी हात जोडलेत. आप्पांना गाडीतून गावाला नेतो म्हणाला. आप्पा म्हणाले, मी एसटीनं येतो, तू हो म्होरं.

गाडी रस्त्याला लागेपर्यंत आप्पा बघत उभे होते. मग माझ्याकडे वळून, एखादं काम नीट उरकल्यावर बोलावं तसं म्हणाले, "बरं झालं. आता त्या गाडीत माजं काय ऱ्हायलं न्हाय."

मी मशीनची वायर गुंडाळत होते. मला त्यांना सांगायचं होतं की ती सगळी गाडीच तुमची आहे, तुमच्या एकेका मेंढराची आहे. पण ते त्यांना माझ्याआधी माहीत होतं, आणि त्यांना स्टँडवर सोडायला नवरा गाडी काढून उभा होता.